स्लॅशरचा शिअर बोल्ट सारखा तुटतोय, स्लिप क्लच धूर काढतोय: तपासायला कुठून सुरुवात करायची

पावसाळा सरल्यावर ट्रॅक्टरला रोटरी स्लॅशर जोडून बागेतलं गवत काढायला घेतलं, की नव्या चालकाच्या वाट्याला एक प्रसंग हमखास येतो. काम नीट चाललेलं असतं, मध्येच 'टक्' असा आवाज होतो, ट्रॅक्टर एकदम हलका पडतो आणि मागे गवत कापलंच जात नाही. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचं, इंजिनाची ताकद यंत्राला देणारं फिरतं टोक) आणि त्याला जोडलेला शाफ्ट फिरत असतो, पाती थांबलेली असतात. शिअर बोल्ट, म्हणजे जास्त जोर आला की आधी तुटून बाकी मशीन वाचवणारा बोल्ट, तुटलेला असतो. मशीनला स्लिप क्लच (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) असेल तर बोल्ट तुटण्याऐवजी जळका वास येतो आणि क्लचच्या जाळीतून धूर निघतो.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. घरात सापडेल तो जाड, कडक बोल्ट घालतात, नाहीतर क्लचचे नट शेवटपर्यंत आवळून टाकतात. काम पुन्हा सुरू होतं आणि बिघाड मिटला असं वाटतं. खरं तर त्या क्षणी मशीनचं संरक्षण काढून टाकलेलं असतं. पुढचा दगड लागला की तुटेल तो गिअरबॉक्सचा दात, शाफ्टच्या जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओचा शाफ्ट. बोल्ट काही रुपयांत येतो. गिअरबॉक्स उघडावा लागला तर खर्च हजारांत जातो आणि ऐन हंगामातले दिवस वाया जातात ते वेगळेच. म्हणून तुटलेला बोल्ट बदलण्याआधी तो का तुटला ते शोधायचं. हे शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो.

इथे उदाहरण रोटरी स्लॅशरचं घेतलं आहे. उसाचं पाचट कुट्टी करणारी यंत्रं, पऱ्हाटी बारीक करणारे श्रेडर आणि रोटाव्हेटर यांच्या पीटीओ शाफ्टलाही बहुतेक हेच तत्त्व लागू होतं.

हात लावण्याआधी

पीटीओ बंद करा, मशीन जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा आणि चावी काढून खिशात ठेवा. चावी ट्रॅक्टरला ठेवून 'मी सांगितल्याशिवाय चालू करू नको' असं कुणाला बजावणं पुरेसं नाही. पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नका. ती जड असतात आणि शाफ्ट थांबल्यावरही काही वेळ फिरत राहतात. खालून पाहायचं असेल तर मशीन नुसत्या हायड्रॉलिक लिफ्टवर उचलून त्याखाली जाऊ नका. चारही बाजूंना लाकडी ठोकळे किंवा भक्कम स्टँड लावा. लिफ्टचा दाब केव्हा उतरेल ते सांगता येत नाही.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरणं, साडीचा पदर, ओढणी किंवा सैल बाही त्यात अडकली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरची प्लास्टिकची नळी आणि तिची साखळी जागेवर नसेल तर बाकीची तपासणी नंतर, आधी ती बसवा.

बोल्ट नेमकं काय करतो

थोडा हिशेब समजून घेतला की पुढचं सगळं सोपं जातं. पीटीओवर ४५ अश्वशक्ती मिळणारा ट्रॅक्टर ५४० फेऱ्यांना साधारण ५९० न्यूटन-मीटर पीळ देतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला ६० किलोचं ओझं लटकवलं तर जेवढा जोर पडेल, तेवढा हा पीळ. हा झाला सुरळीत कामातला जोर. पात्याला दगड लागून ते क्षणात थांबलं, तर इंजिनचं फ्लायव्हील आणि फिरत्या पात्यांचा कॅरिअर (पाती ज्यावर बसवलेली असतात तो भाग) यांच्यात साठलेली सगळी गती त्या एका क्षणात शाफ्टवर उतरते. तेव्हा जोर नेहमीच्या कित्येक पट होतो. शिअर बोल्ट या दोन्हींच्या मधल्या ताकदीचा असतो. रोजच्या कामाला टिकायचं आणि धक्क्याला तुटायचं, एवढंच त्याचं काम.

बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिल्या आकड्याला १०० ने गुणलं की ताणाची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते. म्हणजे ४.६ चा बोल्ट ४०० चा, ८.८ चा ८०० चा आणि १०.९ चा १००० चा. आडवा कापला जाताना बोल्ट साधारण याच्या साठ टक्क्यांवर तुटतो. शाफ्टच्या मध्यापासून ४ सेंटिमीटरवर एकच ८ मिलिमीटरचा बोल्ट आहे असं धरू. तो ८.८ चा असेल तर साधारण ९६० न्यूटन-मीटरला तुटेल. आपल्या ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे योग्य आहे. त्याच जागी भोक वाढवून १० मिलिमीटरचा ८.८ बोल्ट घातला, तर तोच आकडा १५०० वर जातो. जाडी फक्त दोन मिलिमीटरने वाढली, पण ताकद ठरते कापल्या जाणाऱ्या क्षेत्रफळावर, म्हणून ती दीडपटीहून जास्त होते. १२ मिलिमीटरचा घातला तर सव्वादोन पट. हा वाढीव जोर कुठेतरी जाणारच, आणि तो गिअरबॉक्समध्ये जातो.

उलट चूकही होते. गावातल्या दुकानात मिळणाऱ्या साध्या बोल्टवर काहीच आकडा नसतो. तो ४.६ च्या आसपासचा असू शकतो, म्हणजे ८.८ च्या निम्म्या ताकदीचा. तो चांगल्या मशीनलाही दर तासाला तुटेल आणि तुम्ही उगाच गिअरबॉक्सवर संशय घ्याल. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: मशीनच्या पुस्तिकेत कोणत्या मापाचा आणि कोणत्या ग्रेडचा बोल्ट दिला आहे, आणि आत्ता आत कोणता बसलेला आहे? मशीन जुनं घेतलं असेल तर आधीच्या मालकाने कोणता घातला होता यावर विसंबू नका. विक्रेत्याकडून किंवा कंपनीच्या पार्ट यादीतून खात्री करून घ्या.

आणखी एक बारकावा आहे. बोल्टची गुळगुळीत दांडी कापण्याच्या जागी यायला हवी, आटे नाहीत. आट्यांच्या जागी बोल्ट बारीक असतो, तिथे तो लवकर आणि वेडावाकडा तुटतो. पूर्ण आट्यांचा बोल्ट घालून 'कंपनीचाच आहे, तरी तुटतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

तुटलेले तुकडे फेकू नका

तुटलेल्या बोल्टचे दोन्ही तुकडे काढून उजेडात बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच दिसतं.

कापलेलं तोंड सपाट, चमकदार आणि एकाच बाजूला ओढल्यासारखं असेल तर तो एकाच धक्क्याने तुटला. दगड, खुंट किंवा एकदम पीटीओ लावणं, असं काहीतरी. बोल्टने आपलं काम केलं, असं समजा.

तोंडाचा मोठा भाग घासून गुळगुळीत झालेला, त्यावर अर्धवर्तुळाकार रेघा आणि कडेला छोटासा खडबडीत पट्टा दिसला तर बोल्ट हळूहळू थकून तुटला आहे. तो रोज थोडाथोडा हलत होता. दोष एका दगडात नसतो, तर सैल भोकात, जॉइंटच्या कोनात किंवा कंपनात असतो. दांडीवर पायरीसारखा कंगोरा आणि तांबूस भुकटी दिसली तरी अर्थ तोच. अशा मशीनमध्ये नवा बोल्ट घातला तरी तो तितक्याच दिवसांत जाईल.

तो कधी तुटला, हे आठवा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे. चालकाला नेमका क्षण आठवला तर निम्मं काम होतं.

*पीटीओ लावताक्षणी तुटला.* बहुतेक वेळा इंजिनचा वेग जास्त असतो. पीटीओ नेहमी कमी गतीवर, हळूहळू लावायचा. पाती फिरू लागली की मग गती ५४० पर्यंत वाढवायची. आदल्या दिवशी ओलं गवत मशीनच्या पोटात तसंच सोडलं असेल तर ते वाळून घट्ट बसतं आणि पाती जागेवरच अडकतात. म्हणून सकाळी चालू करण्याआधी, इंजिन बंद ठेवून, लांब लाकडाने पाती ढकलून बघा. ती मोकळी फिरत नसतील तर आधी साफ करा. ट्रॅक्टरच्या पीटीओला ५४० शिवाय दुसरा वेग असेल तर त्याची लिव्हरही बघून घ्या. ५४० च्या मशीनला १००० वर चालवणं फार धोक्याचं आहे. पाती तुटून उडू शकतात.

*काम करताना, अचानक.* कोकणात गवतात जांभ्याचे दगड लपलेले असतात. घाटावर काळ्या दगडाचे गोटे, बांधाकडेला तोडलेल्या बाभळीचे खुंट. एकदा-दोनदा तुटला तर काळजीचं कारण नाही. पण एकाच शेतात वारंवार तुटत असेल तर कापणीची उंची वाढवा, बाजूचे स्किड शू (मशीन ज्यांवर जमिनीवरून सरकतं त्या पट्ट्या) खाली घ्या आणि ट्रॅक्टर कमी गिअरला चालवा. कमरेएवढं गवत एका फेरीत जमिनीलगत कापायचा हट्ट धरू नका. पहिली फेरी उंचावरून, दुसरी खालून.

*वळताना किंवा मशीन उचलताना.* जवळजवळ खात्रीने पीटीओ शाफ्टचा कोन किंवा लांबी चुकलेली असते. यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

*साध्या मैदानी जागेत, काहीच न लागता.* शाफ्ट, भोकं, बेअरिंग यांच्याकडे वळा. आणि एक कारण आपल्याकडे हमखास असतं: ठिबकची नळी. जुन्या लॅटरलचा तुकडा, मल्चिंग पेपर किंवा द्राक्षबागेतली तार पात्यांच्या शाफ्टभोवती गुंडाळली जाते. वरून ती दिसत नाही. ती ऑइल सीलपर्यंत चढते, सील कापते, मग गिअरबॉक्समधलं ऑइल गळतं, बेअरिंग कोरडं पडून जड फिरतं आणि शेवटी बोल्ट तुटू लागतात. म्हणजे दोष सुरू होतो एका नळीच्या तुकड्यापासून. कापणीआधी शेतात एक चक्कर मारून नळ्या आणि तारा उचलून घ्या. काम संपल्यावर पात्यांच्या कॅरिअरच्या वरच्या बाजूला, गिअरबॉक्सला जिथे शाफ्ट लागतो तिथे, गुंडाळलेलं काही नाही ना ते बघा.

आणि एक पाचवी अवस्था आहे: *कधीच तुटत नाही.* वर्षभर दगडांवर आपटूनही बोल्ट टिकला तर आनंद मानू नका. शिअर बोल्टच्या जागी योक (क्रॉसला धरणारा, दोन फाट्यांचा शाफ्टच्या टोकाचा भाग) हबवर, म्हणजे त्याच्या आतल्या गोल भागावर, फिरायला हवा. तिथलं ग्रीस सुकून गंज धरला असेल तर बोल्ट तुटला तरी दोन्ही भाग एकमेकांना धरून एकत्र फिरतात. संरक्षण नावापुरतं उरतं. बोल्ट काढून, इंजिन बंद असताना, योक हाताने हबवर फिरवून बघा. फिरला नाही तर तो उघडून साफ करायला हवा.

बोल्ट बदलण्याची रीत

तुटलेले दोन्ही तुकडे पंचने ठोकून बाहेर काढा. आतल्या भोकात छोटा तुकडा राहिला तर नवा बोल्ट तिरपा बसतो. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत आणा आणि बोल्ट हाताने आत जातो का ते बघा. हातोडी मारावी लागत असेल तर भोकाला कंगोरा आलेला आहे, तो कानशीने काढा. उलट बोल्ट भोकात खुळखुळत असेल, भोक अंडाकृती झालं असेल, तर लेथवर बुश बसवून घ्या किंवा योक बदला. त्या जागी वेल्डिंगचा थर भरून पुन्हा भोक पाडणं मला पटत नाही. वेल्डने त्या भागाचा पोलाद ठिसूळ होऊ शकतो, आणि हा भाग सेकंदाला नऊ वेळा तुमच्या पायाजवळून फिरतो.

योकवर ग्रीस निप्पल असेल तर दोन पंप ग्रीस द्या. मग योग्य ग्रेडचा बोल्ट आणि नायलॉक नट लावून व्यवस्थित आवळा. सैल बोल्ट हा सगळ्यात लवकर तुटणारा बोल्ट. पहिल्या अर्ध्या तासाच्या कामानंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

नवा बोल्ट घातल्यावर लगेच कामाला लागू नका. पीटीओ कमी गतीवर लावून, लोकांना लांब उभं करून, अर्धा मिनिट ऐका. कडकड आवाज किंवा कंपन असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

शाफ्टची लांबी, कोन आणि योकची दिशा

पीटीओ शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या आणि दोन टोकांना क्रॉसचे जॉइंट. मशीन वर-खाली होताना त्याची लांबी बदलते. दोन चुका घडतात.

शाफ्ट लांब असेल तर मशीन एका ठराविक उंचीवर आलं की नळी आत शेवटपर्यंत जाऊन टेकते आणि शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओला आतून ढकलू लागतो. तिथे बेअरिंग जातं. शाफ्ट आखूड असेल तर खालच्या स्थितीत नळ्यांची पकड कमी राहते, पीळ थोड्याशा लांबीवर येतो आणि नळ्या वाकतात. साधा नियम असा: कामाच्या स्थितीत दोन्ही नळ्या एकमेकांत किमान एक तृतीयांश लांबी इतक्या शिरलेल्या असाव्यात आणि सगळ्यात आखूड स्थितीतही टेकण्याआधी किमान अडीच सेंटिमीटर जागा उरावी. शाफ्ट कापायचा झाला तर आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही प्लास्टिक आवरणं सारख्या मापाने कापा, टोकांवरचे कंगोरे घासा आणि आत ग्रीस लावा. ट्रॅक्टर बदलला की हे माप पुन्हा घ्यायचं. शेजारच्याकडून मशीन आणलं तर हे आधी बघा. कारण एका ट्रॅक्टरला बसणारा शाफ्ट दुसऱ्याला बसेलच असं नाही.

कोनाचं गणित समजलं की बोल्ट का थकतो ते कळतं. क्रॉसचा जॉइंट कोनात फिरला की त्याच्या पलीकडचा भाग सारख्या वेगाने फिरत नाही. तो दर फेऱ्याला दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे राहतो. ३० अंशांच्या कोनाला हा फरक नेहमीच्या वेगापेक्षा वर साधारण १५ टक्के आणि खाली १३ टक्के असतो. पीटीओ सेकंदाला नऊ फेरे घेतो, म्हणजे शाफ्टला सेकंदाला अठरा हिसके. शाफ्टच्या मधल्या नळीवरचे दोन्ही योक एका रेषेत असतील आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील, तर एका जॉइंटचा हिसका दुसरा भरून काढतो. ग्रीस करायला शाफ्ट ओढून वेगळा केला आणि परत घालताना एक खाच चुकली, की योक आडवे-उभे होतात, हिसके एकमेकांत मिसळून वाढतात आणि मशीन थरथरू लागतं. शाफ्ट जोडल्यावर बाजूने एकदा बघा: आतल्या दोन्ही योकची तोंडं एकाच दिशेला हवीत. बघायला दहा सेकंद लागतात.

म्हणून बांधावरून जाताना किंवा वळताना मशीन पूर्ण उचलायचं असेल तर आधी पीटीओ बंद करा. फिरता शाफ्ट २५-३० अंशांपलीकडे नेऊ नका. लिफ्ट वर जाण्याला मर्यादा घालता येते, तो अटकाव बसवून ठेवला की चालक विसरला तरी मशीन जास्त उचललं जात नाही. टॉप लिंकची (मशीनला ट्रॅक्टरशी वरून जोडणाऱ्या दांड्याची) लांबीही अशी ठेवा की कामाच्या वेळी पीटीओचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एकमेकांना समांतर राहतील.

स्लिप क्लच

ज्या मशीनवर शिअर बोल्टऐवजी स्लिप क्लच असतो, तिथे गिअरबॉक्सच्या तोंडाशी दोन किंवा चार घर्षण चकत्या, त्यांच्यामध्ये लोखंडी प्लेट आणि वरून स्प्रिंगांनी दाबणारी प्रेशर प्लेट असते. जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चकत्या घसरतात आणि धक्का गेला की पुन्हा पकडतात. बोल्ट बदलायची कटकट नसते. पण क्लचला काळजी लागते, आणि नव्या माणसाला ती सांगितलीच जात नाही.

आपल्या हवेत सगळ्यात मोठा त्रास म्हणजे पावसाळ्यात क्लच चिकटणं. जून ते सप्टेंबर मशीन उघड्यावर किंवा गळक्या शेडमध्ये पडलं की लोखंडी प्लेटला गंज चढतो आणि चकत्या तिला घट्ट चिकटतात. ऑक्टोबरात मशीन काढलं की बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण क्लच आता एकसंध लोखंडाचा गोळा झालेला असतो. पहिला दगड थेट गिअरबॉक्सला लागतो. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला आणि महिना-दीड महिना मशीन पडून राहिलं असेल तेव्हा क्लच मोकळा करून घ्यायचा:

१. इंजिन बंद, चावी खिशात. क्लचचं आवरण उघडा. प्रत्येक स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवा.

२. प्रत्येक स्प्रिंगचा नट सारख्याच मापाने, साधारण दोन पूर्ण फेरे, सैल करा. कोणता नट किती फिरवला ते लिहा.

३. सगळ्या प्लेट आणि चकत्यांच्या कडेवर खडूने किंवा रंगाने आडवी सरळ रेघ मारा.

४. आवरण परत लावा, माणसं दूर करा. इंजिन अगदी कमी गतीवर ठेवून पीटीओ दोन-तीन सेकंद लावा आणि बंद करा. पाती जड असल्यामुळे सैल क्लच घसरायला हवा.

५. पुन्हा इंजिन बंद करून, सगळं थांबल्यावर, रेघ बघा. प्रत्येक थरात ती सरकलेली हवी. काहीच थर सरकले आणि बाकीचे तसेच राहिले तर काम अर्धवट झालं आहे.

६. सरकली नसेल तर नट आणखी थोडे सैल करून पुन्हा करा. तरीही घसरत नसेल तर क्लच उघडावाच लागेल.

७. घसरला की नट पहिल्या मापावर परत आणा. सगळ्या स्प्रिंगांची लांबी सारखी असली पाहिजे आणि ती पुस्तिकेतल्या मापाशी जुळली पाहिजे. क्लच थंड झाल्यावरच काम सुरू करा.

क्लच उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा, जुळवताना तोच कामी येतो. लोखंडी प्लेटचा गंज काचकागदाने घासून काढा. प्लेट सपाट जागेवर ठेवून ती वाकली नाही ना ते बघा. नवी चकती साधारण तीन मिलिमीटर जाडीची असते. ती एक मिलिमीटरच्या आसपास उरली, तिला तडे गेले किंवा ती काळी, काचेसारखी चकचकीत झाली की बदला. चकत्यांना ग्रीस, डिझेल, ऑइल काहीही लागू देऊ नका, हातही स्वच्छ ठेवा. आतल्या भुकटीवर फुंकर मारू नका, जुन्या चकत्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. नाक-तोंड झाकून ओल्या फडक्याने पुसा.

आता उलट त्रास: क्लच सतत घसरतो, तापतो, धूर येतो. लगेच नट आवळायला धावू नका. आधी कामाचा भार बघा. पाती बोथट झाली आहेत का, ट्रॅक्टर फार वेगाने चालतोय का, गवत ओलं आहे का. पाती घासून धार केली तरी बऱ्याचदा त्रास थांबतो. मग स्प्रिंगची लांबी मोजा. ती जास्त भरत असेल तर नट आपोआप सैल झाले आहेत, पुस्तिकेतल्या मापावर आणा. लांबी बरोबर असून घसरत असेल तर चकत्या झिजल्या आहेत किंवा गिअरबॉक्सचं सील गळून ऑइल आत आलं आहे. आणि नट इतके कधीही आवळू नका की स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतील. वेढे टेकले की स्प्रिंग उरत नाही, क्लच घसरूच शकत नाही आणि तुम्ही पुन्हा तिथेच येता, जिथे जाड बोल्ट घालणारा आलेला असतो.

तापलेल्या क्लचने काम चालू ठेवू नका. थांबा, थंड होऊ द्या. घसरत्या क्लचवर एक मिनिट जोर लावला तरी नव्या चकत्या जळू शकतात.

काही शाफ्टना याशिवाय ओव्हररनिंग क्लच असतो. पीटीओ थांबला तरी पाती मोकळी फिरत राहावीत यासाठी तो असतो. एकच क्लच असलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर तो नसेल, तर क्लच दाबल्यावरही फिरत्या पात्यांचा जोर उलटा येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. उतारावरच्या बागेत हे जिवावर बेतू शकतं. हा ओव्हररनिंग क्लच एका दिशेला मोकळा फिरायला आणि दुसऱ्या दिशेला पकडायला हवा, हाताने फिरवून बघा.

धक्का लागल्यावर पातीही बघा

पाच फुटी स्लॅशरची पाती मिनिटाला ८०० च्या आसपास फेरे घेत असतील तर त्यांच्या टोकाचा वेग ताशी २०० किलोमीटरहून जास्त असतो. बोल्ट तुटेपर्यंतचा सगळा मार त्या टोकावर आलेला असतो. म्हणून मोठ्या धक्क्यानंतर पात्यांचे बोल्ट सैल झालेत का, पाती मागे झुलतात का, कॅरिअर वाकला आहे का ते बघा. दगड लागला की पातं मागे वळावं म्हणून ते झुलतं ठेवलेलं असतं. त्याच्या बोल्टमध्ये माती, गवत अडकून ते घट्ट झालं तर प्रत्येक धक्का थेट शाफ्टवर जातो आणि शिअर बोल्ट रोज तुटायला लागतो. पाती बदलायची तर जोडीने बदला आणि काट्यावर तोलून दोन्ही सारख्या वजनाची आहेत याची खात्री करा. एकच नवं पातं घातलं तर असमतोलाने थरथर सुरू होते आणि दोष पुन्हा बोल्टवर फिरून येतो.

गिअरबॉक्सचा शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. स्पष्ट ढिलेपणा असेल, ऑइल काढल्यावर त्यात चमचमणारा चुरा दिसला, किंवा बोल्ट काढूनही शाफ्ट अडकत अडकत फिरत असेल, तर इथून पुढे घरचं काम नाही. मशीन वर्कशॉपला न्या. तिथे फक्त 'बोल्ट तुटतो' असं सांगू नका. तो पीटीओ लावताना तुटतो की वळताना, थंड असताना की तासभर कामानंतर, आणि आत कोणत्या ग्रेडचा बोल्ट होता ते सांगा, तुटलेले तुकडेही दाखवा.

ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये एक बंद डबी ठेवा: योग्य ग्रेडचे दहा शिअर बोल्ट नटांसह, एक पंच, हातोडी, दोन पाने, खडू आणि ग्रीस गन. डबीवर बोल्टचं माप आणि ग्रेड रंगाने लिहा. शेतात बोल्ट संपला आणि घाई असली की हाताला लागेल तो बोल्ट घालण्याचा मोह होतो, आणि ट्रॅक्टर रोज वेगवेगळे चालक चालवत असतील तर त्यांच्यापैकी प्रत्येकाला ही डबी दिसली पाहिजे.